तू पाटी वाचली नाहीस

तुमच्या आजोबांनी आमच्या दिवाणखान्यातल्या गालिच्यावर निळी टेप चिकटवून एक घर आखलं होतं. ते तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलं आहे. चाकांवरचं घर, मोटरहोम. तुमच्यातल्या धाकटीनं तेव्हा विचारलं होतं, "आजी, बट व्हेअर इज द बाथरूम?" आणि आजोबा टेपच्या एका चिंचोळ्या चौकोनात जाऊन, खांदे आवळून, कोपरं पोटाशी घेऊन उभे राहिले होते. तुम्ही दोघी हसून सोफ्यावरून खाली घसरला होतात.

त्यानंतर मोटरहोमचं काय झालं, असं तुम्ही दर रविवारी विचारता आणि मी विषय बदलते. तुमच्या आईला सगळं ठाऊक आहे. तुम्हालाही नीट सांगायला हवं, म्हणून हे लिहिते आहे. मराठी वाचायचा कंटाळा आला तर आईकडून वाचून घ्या.

कॅरी गावातलं हे घर आम्हा दोघांना केव्हाच मोठं झालं आहे. वरच्या खोल्यांत मी फक्त धूळ पुसायला जाते. हे विकायचं, मोटरहोम घ्यायचं, आणि पहिला मुक्काम थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला तुमच्या दारात करायचा, असा आजोबांचा बेत होता. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्हाला मागच्या बाकावर बसवून डोंगर, वाळवंट, समुद्र दाखवायचा. ते स्वप्न त्यांचं होतं, पण खरं सांगायचं तर त्यांच्याहून जास्त मी त्यात गुंतले होते. कुठल्या खणात कुठला डबा जाईल, पोळपाट उभा ठेवायचा की आडवा, हे माझं ठरूनही गेलं होतं.

त्या टेपच्या आत आम्ही एक अख्खा रविवार राहून पाहिला. पुढे जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या मांडल्या. डावीकडची त्यांची, ड्रायव्हरची. उजवीकडची माझी. मागे स्टुलावर छोटी शेगडी ठेवून मी कांदेपोहे केले. ते माझ्या पाठीमागून अंग चोरत जाताना म्हणाले, "एक्स्क्यूज मी मॅडम, जरा स्वयंपाकघर बाजूला घेता का? मला झोपायला जायचंय."

एकच गोष्ट मला खटकली. टेप वाकडी होती. डाव्या बाजूची भिंत मधोमध फुगली होती. तुमच्या आजोबांनी आयुष्यभर पुलांचे नकाशे काढले. पट्टी न घेता त्यांनी मारलेली रेघ मी पट्टी लावून तपासली आहे, आणि ती सरळ निघालेली आहे.

"अहो, ही भिंत गरोदर आहे का?" मी विचारलं.

"टेप ओढली गेली असेल," ते म्हणाले.

मला टेबलावरचा वाकडा रुमालसुद्धा चालत नाही. दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी ती टेप उचकटली आणि मोजपट्टी धरून सरळ चिकटवली. उठल्यावर त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला त्याचा थोडा रागच आला.

मग तो पावसाचा शनिवार आला. पश्चिमेला, डोंगरांच्या पायथ्याशी राहणारं एक वयस्कर अमेरिकन जोडपं आपलं मोटरहोम विकत होतं. ते पाहायला आम्ही निघालो. मी थर्मासमध्ये चहा भरला, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं घेतलं. निघतानाच आभाळ इतकं खाली आलं होतं की मी म्हटलं, उद्या जाऊ या का? आजोबा म्हणाले, "घर घेऊन फिरायचं म्हणतेस आणि पावसाला घाबरतेस?"

इथे आमच्या एका जुन्या सवयीबद्दल सांगायला हवं. मी लग्न होऊन या देशात आले तेव्हा गाडीत फोन नव्हते, मांडीवर कागदाचा नकाशा असायचा. आजोबा मराठी शाळेत शिकलेले, मी कॉन्व्हेंटमधली. पहिल्याच प्रवासात ते म्हणाले, "तुझं इंग्लिश फाडफाड आहे. तू पाट्या वाच, मी रस्त्याकडे बघतो." तेव्हापासून मी वाचतेच आहे. एक्झिटची पाटी, वेगमर्यादेची पाटी, पुढे काम चालू आहे, पूल अरुंद आहे, हरणं आडवी येतात. सगळं मोठ्यानं. तुमची आई लहानपणी मागच्या सीटवर कानात बोटं घालायची. आजोबा मात्र प्रत्येक पाटीला फक्त "हं" म्हणायचे. आमचा संसार या "हं"वरच चालला आहे, असं मी गमतीनं म्हणायचे.

फोन आल्यावर खरं तर माझी ही नोकरी संपायला हवी होती. पण गेल्या हिवाळ्यात त्यांनीच फोनमधल्या बाईचा आवाज बंद करायला लावला. "एका गाडीत दोन बायका रस्ता सांगायला लागल्या तर मी कुणाचं ऐकू? आणि तू असताना ती कशाला?" या वयात असं कुणी म्हटलं की बरं वाटतं. मला बरं वाटलं.

ग्रीन्सबरो शहर मागे पडलं आणि पावसानं रस्ता पुसूनच टाकला. वायपर जिवाच्या आकांतानं फिरत होते. ट्रक शेजारून गेला की काचेवर बादलीभर पाणी आदळायचं. मी वाचत होते, ते हं म्हणत होते. मध्येच त्यांना चहा हवा झाला. मी वाकून थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला, आणि मान वर केली तेव्हा आमची एक्झिट मागे जात होती.

"अहो! गेली की!"

"काय गेली?"

"एक्झिट! एवढी मोठी हिरवी पाटी डोक्यावरून गेली. लक्ष कुठे असतं तुमचं?"

"माझं?" ते एकदम चिडले. त्यांचं असं चिडणं मी फार वेळा पाहिलेलं नाही. "पाट्या वाचायचं काम तुझं आहे. चहा काय, नंतर ओतता आला असता!"

"चहा तुम्ही मागितलात!"

"मग सांगायचं ना, आधी एक्झिट येऊ दे म्हणून!"

"मी काय एसटीतली कंडक्टर आहे? बायको आहे तुमची. डोळे तुम्हालाही दिलेत देवानं. आता तुमचे तुम्ही वाचा."

आणि मी अबोला धरला. तुमच्या पिढीला हा शब्द कदाचित माहीत नसेल. भांडण झालं की आमच्याकडे बायका ओरडत नाहीत, बोलणंच बंद करतात. जो आधी बोलेल तो हरला. मी सहसा हरत नाही. मी चहा परत थर्मासमध्ये ओतला आणि खिडकीबाहेर तोंड वळवून बसले.

पुढच्या एक्झिटला बरेच ट्रक बाहेर पडत होते. आजोबा त्यांच्या मागोमाग बाहेर पडले. "आतल्या रस्त्यानं मागे जाऊ," ते हवेत बोलल्यासारखं म्हणाले. मी गप्प. दोन्हीकडे ओली शेतं, मधून एखादं घर, लाल कोठार. एका चौकात त्यांनी गाडी अगदी हळू केली.

"डावीकडे काय लिहिलंय गं?" त्यांनी विचारलं. आवाज मऊ होता.

मला वाटलं, आता समेटाची बोलणी सुरू झाली. इतक्या लवकर? मी नाही बोलले. ते जरा थांबले आणि डावीकडे वळले.

तो रस्ता उतरत जाणारा होता. थोडं पुढे गेल्यावर रस्त्याच्या अर्ध्या भागात लाकडी अडथळा लावलेला आणि त्याच्यावर भली मोठी केशरी पाटी: रस्ता बंद आहे, पाणी भरलं आहे. मी ती दुरूनच वाचली. मनातल्या मनात. आता हे थांबतील, मग गाडी वळवतील, मग मला काहीतरी म्हणतील. पण गाडी थांबली नाही. खड्डा चुकवावा तसा त्यांनी त्या अडथळ्याला हलका वळसा घातला आणि पुढे गेले.

मला धक्का बसला, पण तो रागाचा धक्का होता. मला वाटलं, हे मला दाखवताहेत. बघ, मी पाटीला भीत नाही. बायकोशी भांडण झालं म्हणून सत्तरी ओलांडलेला माणूस असा पोरकटपणा करतो! मी ओठ आणखी घट्ट मिटले.

मग समोर रस्ता संपला. खरंच संपला. ओढ्यानं काठ सोडला होता आणि रस्त्यावरून तांबडं पाणी आडवं वाहत होतं. कुंपणाच्या खांबांची फक्त टोकं वर दिसत होती, आणि एका खांबाला अडकून झाडाची एक फांदी पाण्यात उठाबशा काढत होती. आमची गाडी त्याच वेगानं खाली चालली होती. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा शांत होता. पोरकटपणा करणाऱ्याचा चेहरा तसा नसतो.

"थांबा! पाणी! पाणी आहे पुढे, थांबा!"

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी घसरली, तिरकी झाली आणि थांबली. पुढची चाकं पाण्यात होती. मला माझ्याकडच्या दाराखाली पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

"मागे घ्या," मी म्हटलं. "सरळ मागे. थोडं तुमच्या बाजूला. नाही, इतकं नाही. हां. या, या, या." मागचं चित्र दाखवणारा पडदा त्यांच्यासमोर लागला होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते माझ्या आवाजावर गाडी मागे घेत होते. हे मला त्या घाबरलेल्या क्षणातही दिसलं, आणि पाण्यापेक्षा त्यानं मला जास्त घाबरवलं.

वर चढावर एक छोटं चर्च होतं. त्याच्या रिकाम्या आवारात आम्ही गाडी लावली. इंजिन बंद केल्यावर टपावरचा पाऊस फार मोठा वाटायला लागला.

"तुम्हाला ती पाटी दिसली नाही?"

"कुठली पाटी?"

"केशरी. आपल्या जेवणाच्या टेबलाएवढी. तुम्ही तिला वळसा घातलात."

"काहीतरी आडवं होतं खरं. मला वाटलं रस्त्याचं काम चाललं असेल." मग ते थांबले. "तू वाचली नाहीस," ते म्हणाले.

त्यात आरोप नव्हता. घरातले दिवे गेल्यावर कुणीतरी म्हणतं ना, वीज गेली, तसं ते म्हणाले. तू वाचली नाहीस.

चर्चच्या फाटकाशी एक पाटी होती, काळ्या ठळक अक्षरांची. मी बोट दाखवलं. "तिथे काय लिहिलंय, वाचा."

"चर्च आहे. काय लिहिणार? देव आहे, असं लिहिलं असेल."

"पॅनकेक," मी म्हटलं.

"काय?"

"शनिवारी पॅनकेक नाश्ता, सगळ्यांना आमंत्रण, असं लिहिलंय."

ते हसायला लागले. मलाही हसू आलं, विचित्र, आवरता न येणारं. मग ते हसायचे थांबले आणि त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"माझ्याकडे बघा," मी म्हटलं. "सरळ बघा. काय दिसतं?"

त्यांनी मान वळवली. त्यांची नजर माझ्या कानापाशी थांबली. गेले कित्येक महिने ते बोलताना असेच माझ्या कानाकडे, खांद्याकडे बघतात, आणि मी मनात धरून बसले होते की यांना आता माझ्याकडे बघावंसं वाटत नाही.

"कान दिसतो," ते म्हणाले. "कुडी दिसते. केस दिसतात."

"आणि मी?"

"तिथे सरळ बघितलं की तू नसतेस. मधोमध डाग येतो. कडेनं बघितलं की येतेस."

मी थर्मासचं झाकण घट्ट केलं. ते घट्टच होतं. मला दुसरं काही सुचलं नाही.

मग थोडं थोडं करून बाहेर आलं. आधी एका डोळ्यात झालं, मग दुसऱ्यात. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतो, कडा शाबूत राहतात. हिवाळ्यात ते एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले होते आणि मला म्हणाले होते, चष्म्याचा नंबर जरा बदललाय. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायला सांगितली होती. ती घ्यायला गेलो तर तुला कळेल, म्हणून ते परत गेलेच नव्हते.

एकेक गोष्ट माझ्यासमोर उलटी होऊन पडायला लागली. ती फुगलेली टेप. त्यांना सरळ रेघच आता वाकडी दिसत होती, मग मी सरळ केलेली त्यांना कशी कळणार? शब्दकोडं सोडवणं त्यांनी थांबवलं होतं. मोटरहोमची माहितीपत्रकं ते मला रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायला लावायचे, आणि मला वाटायचं, किती कौतुकानं ऐकताहेत. मी दोनदोनदा वाचून दाखवायचे.

"आणि तुम्ही मला असं घेऊन फिरत होतात?"

"तू वाचत होतीस ना. तू वाचलंस की मला सगळं दिसायचं. रस्त्याच्या कडा दिसतात मला. गाड्या दिसतात. फक्त अक्षरं गेली."

"फक्त अक्षरं? ओढा दिसला नाही तुम्हाला!"

त्यांनी तळहातानं समोरची काच पुसली.

"आणि मुलींना बसवणार होतात मागे? डोंगरातून? समुद्राच्या कडेनं?"

ते म्हणाले, "एकदाच. एकदा त्यांच्या दारात ती गाडी उभी करायची होती. हॉर्न वाजवून. मग सांगणार होतो."

मुलींनो, मी तुमच्या आजोबांवर आयुष्यात पुष्कळदा रागावले आहे, पण त्यांची भीती कधी वाटली नव्हती. त्या क्षणी वाटली. या माणसाला मी ओळखते, हे मी इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. आणि हा माणूस माझ्या शेजारी बसून माझ्या आवाजावर गाडी चालवत होता, आणि मला पत्ता नव्हता.

"किल्ली," मी म्हटलं.

त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. मी हात पुढे करून थांबले होते, तरी त्यांना तो थोडा शोधावा लागला. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. की पाहिलं होतं?

जागा बदलायला दोघंही बाहेर उतरलो आणि भर पावसात गाडीच्या नाकापाशी समोरासमोर आलो. कुणी कुणाला वाट द्यायची, असा क्षणभर घोळ झाला. त्यांनी माझ्या डोक्यावर आपला हात धरला, छत्रीसारखा. त्यानं काय होणार होतं?

माझ्याकडे लायसन्स आहे. पण मी लायब्ररीत जाते, भाजी आणायला जाते, तेही गल्लीगल्लीतून. फ्रीवेवर मी गेल्या कित्येक वर्षांत गाडी घातलेली नाही. मी सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, पुन्हा एकदा नीट केले. त्या जोडप्याला फोन करून सांगितलं की आज येणं जमत नाही. फोनवरची बाई म्हणाली, बरं केलंत, अशा पावसात कुणी बाहेर पडतं का.

फ्रीवेवर शिरायच्या वळणावर मी गाडी हळू केली. मागून ट्रक येत होते. आजोबा सरळ बसून म्हणाले, "खांद्यावरून मागे बघ. आता वेग वाढव. घाबरून हळू केलंस तर ते आपल्याला खातील. वाढव. आता शीर." मी शिरले. त्यांना पाटी दिसत नव्हती, पण ट्रकच्या आवाजावरून अंतर कळत होतं. पुढे थोडं सावरल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पाट्या वाचते आहे. मोठ्यानं. मलाच समोर दिसत असलेल्या. आणि शेजारून "हं" येतं आहे.

घरी आलो तेव्हा दोघांचे कपडे अंगावरच वाळले होते. दिवाणखान्यात टेपचं घर तसंच होतं, पुढे दोन खुर्च्या. आजोबा बूट काढून आत गेले, डाव्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला आणि मग जाऊन उजव्या खुर्चीत बसले. मी डाव्या खुर्चीत बसू शकले नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि न खाल्लेल्या पुऱ्या डब्यातून काढून ताटलीत मांडत राहिले.

तुमच्या आईला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबा ड्रोव्ह अस टू द एअरपोर्ट अॅट थँक्सगिव्हिंग." तेव्हा मला कळलं की पुढच्या सीटवर बसून मी तेव्हाही वाचत होते.

आता इंजेक्शनं सुरू आहेत. मी गाडी चालवत त्यांना नेते. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येईल असं नाही, पण आहे ते टिकवू. मोटरहोम घेतलेलं नाही. घरही विकलेलं नाही. टेप मात्र मी काढलेली नाही, गालिचा साफ करताना तिच्या कडेकडेनं व्हॅक्यूम फिरवते. आणि शनिवारी सकाळी एका बंद पडलेल्या मॉलच्या आवारात मी एक भाड्याची लांब व्हॅन चालवायला शिकते. शिकवणारी बाई मागे बसते, आजोबा उजवीकडे. मी वळण चुकले की दोघांचा एकदम श्वास अडकतो, तो मला ऐकू येतो. जमेल की नाही, मला माहीत नाही. जमलं तर येऊ. हॉर्न मी वाजवीन.

परवा दुपारी पुन्हा पाऊस होता. आजोबा टेपच्या घरात, उजव्या खुर्चीत, रेडिओ ऐकत बसले होते. मी धुतलेल्या कपड्यांची टोपली खाली ठेवली आणि पहिल्यांदाच डाव्या खुर्चीत बसले. समोर खिडकी, अंगण, ओली पत्रपेटी.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "पुढे काय लिहिलंय गं?"

"पॅनकेक नाश्ता," मी म्हटलं. "सगळ्यांना आमंत्रण."

"हं," आजोबा म्हणाले.